तहाचे दगड

नोव्हेंबरातल्या मार्टिन संताच्या सणाला आठवडा उरला होता, तेव्हा सिफ्रिड फॉन डॉर्नाउ ब्रेमश्टाइन गडाच्या दाराशी आला. खांद्यावर नवंकोरं आडवं धनुष्य, मागे दमलेला घोडा. पाहुण्याने गडाला एक धनुष्य द्यायचं, दाराच्या अडसरावर हात ठेवून तहाची शपथ घ्यायची आणि ज्या घराने बोलावलं त्या घरात राहायचं, ही इथली रीत. सिफ्रिडला वरच्या घराच्या एमरिखने बोलावलं होतं. शपथ मी दिली. मी गडाचा पाद्री, तिन्ही घरांचा मिळून एक.

विहिरीपाशी खालच्या घराची युटा उभी होती. दोर तिच्या हातात होता आणि बादली अर्ध्यावर लटकत होती. तिच्या घरात मोलकरणी नव्हत्या असं नाही, पण मे महिन्यापासून पाणी ती स्वतः काढायची. हाताला काम हवं, म्हणायची. मे महिन्यात तिचा थोरला मुलगा व्हिरिख नदीच्या उतारावर, पाण्यातून चालत पलीकडे जातात तिथे, मारला गेला, आणि मारणारा हाच सिफ्रिड होता.

सिफ्रिड तिच्यासमोरून घोडा घेऊन गेला. तिने बादली वर ओढली, काठावर ठेवली आणि मला विचारलं, "फादर, हा किती दिवस राहणार?"

"वर्षभर राहू शकतो."

"आणि माझा धाकटा, गेरलाख?"

उत्तर तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

हा गड कॉनराडने बांधला. त्याला चार मुलगे झाले, म्हणून एका तटाच्या आत चार घरं उभी राहिली. दार एक, विहीर एक, देऊळ एक. त्यांतल्या दोघा भावांनी धुरावरून एकमेकांचा जीव घेतला. एकाच्या स्वयंपाकघराचं धुराडं दुसऱ्याच्या शेजघराच्या खिडकीखाली होतं, एवढंच कारण. दोघांची प्रेतं देवळात शेजारी शेजारी ठेवलेली असताना थोरल्या सुनेने, मेत्साने, दाराला अडसर घातला आणि उरलेल्या दोन दिरांना सांगितलं की तह केल्याशिवाय यांना मूठमाती मिळणार नाही. दिवस उन्हाळ्याचे होते. दिरांनी फार वेळ लावला नाही.

तो तह अजून चालतो. रस्त्यावर, लिंडनच्या झाडाखाली, तीन दगड रोवलेले आहेत. त्यांच्या आत कुणा भाऊबंदाने दुसऱ्यावर पातं उपसलं तर त्याचा हिस्सा जातो. मेत्साच्या नातवंडांपैकी एकाने दारात उभं राहून सॉसेज कापायला सुरी काढली, तेव्हा सगळे भाऊबंद दिवसभर वाद घालत बसले होते. शेवटी जेवणाच्या सुऱ्या तहातून वगळल्या. हार्टमुटच्या वेळी मात्र कुणी हसलं नाही. तो चौथ्या घराचा. नातवाच्या बारशाला त्याने चुलतभावावर तलवार उपसली. कुणाला ओरखडाही आला नाही, पण संध्याकाळी घर गेलं आणि पुढच्या महिन्यात भाऊबंदांनी छपराचे वासे वाटून घेतले. आज त्या भिंतींत कबुतरं राहतात. हार्टमुटचा पणतू मिठाची गाडी हाकतो. गडावर मीठ आणतो तेव्हा दगडांपाशी थांबतो. पोती वर दुसरे नेतात.

तहाची आणखी दोन कलमं इथे सांगायला हवीत. घरधनी मेला तर त्याच्या वारसाने येणाऱ्या मार्टिनच्या सणाला, संध्याकाळच्या घंटेच्या आत, दाराच्या अडसरावर हात ठेवून शपथ घ्यायची. घेतली नाही तर हिस्सा बाकीच्या घरांत वाटला जातो. आणि आत पाहुणा असताना त्याचा वैरी आला, तर त्या वैऱ्याने दगड ओलांडायचा नाही. आधी आला तो आत, मागून आला तो बाहेर.

व्हिरिख घरधनी होता. वारस म्हणजे त्याचा धाकटा भाऊ गेरलाख, मामाच्या गडावर वाढलेला, अजून शपथ न घेतलेला. आणि व्हिरिखला पुरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गेरलाखने रीतसर निरोप्या पाठवून सिफ्रिडशी वैर जाहीर केलं होतं.

*

त्या वर्षी कारभार मधल्या घराच्या डीटरिखकडे होता. म्हातारा, मूलबाळ नाही, पायांना सूज. युटा आणि मी गेलो तेव्हा गरम कोंड्याच्या घमेल्यात पाय बुडवून बसला होता. एमरिख आधीच येऊन बसला होता.

"भावजी, पाहुणा चांगला निवडलात," युटा म्हणाली.

"वहिनी, दाराशी आलेल्याला नाही कसं म्हणणार? धनुष्य पाहिलंत का? सुरेख काम आहे."

"पाहिलं. व्हिरिखच्या बरगडीतून बाण मीच काढला होता. त्याचंही काम सुरेखच होतं."

"माझ्या पायांवर भांडू नका," डीटरिख म्हणाला. "कोंडा थंड होतोय. युटा, काय हवंय तुला?"

"माझ्या मुलाला शपथ घ्यायची आहे."

"मग घेऊ दे की."

"तो दगडाच्या आत कसा येणार? आत याचा पाहुणा आहे."

म्हाताऱ्याने घोटा चोळला. बराच वेळ चोळला. "मेत्साबाईंनी घालून दिलंय, आधी आला तो आत. मी काय करू? मला एमरिख आवडत नाही म्हणून तह मोडू?"

"काका, मी इथेच बसलोय," एमरिख म्हणाला.

"म्हणून तर बोललो. पाठीमागे बोलायची मला सवय नाही."

"गेरलाख या घरचा आहे," युटा म्हणाली. "या अंगणात रांगलाय तो."

"शपथ घेतल्यावर या घरचा. तोवर बाहेरचा." एमरिख उठला, तिच्यासाठी दार उघडून धरलं. तो नेहमी दार उघडून धरायचा. "वहिनी, एवढं अवघड कशाला करता? वैर सोडून दे म्हणावं पोराला. वैर मिटलं की वैरी कुठला उरला? स्वतः हात धरून आत आणतो मी त्याला."

आणि हसला. ब्रेमश्टाइनच्या कुठल्याही माणसाने भावाचं वैर सोडल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

डीटरिखने घमेल्यातून पाय काढले. "फादर, हा काय म्हणाला ते ऐकलंत?"

"ऐकलं."

"मीही ऐकलं. कारभारी म्हणून ऐकलं. वैर मिटलं तर पोरगा आत. एमरिख, तुझा शब्द आहे ना हा?"

एमरिखचं हसू किंचित कमी झालं. "आहे की," तो म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी सिफ्रिड घोड्याला पाणी पाजायला विहिरीवर आला. युटा तिथेच होती. मी देवळाचं पाणी भरायला गेलो होतो, आणि खरं सांगायचं तर तिला एकटी सोडायची मला भीती वाटत होती. तिच्या कमरेला जेवणाची सुरी होती. जेवणाच्या सुऱ्या तहात येत नाहीत.

"पाज," ती म्हणाली. "मागे कशाला सरकतोस? जनावराने काय केलंय?"

त्याने घोडा पुढे आणला. घोडा पुढचा डावा पाय टेकवत नव्हता.

"गेलाय पाय त्याचा," युटा म्हणाली.

"ठाऊक आहे."

"वसंतात इथून बाहेर पडशील तेव्हा चालत जावं लागेल. खाली माझा मुलगा असेल, त्याचा मामा असेल, मामाची माणसं असतील. एमरिख तुला नवा घोडा देणार आहे का?"

"तसं म्हणालेत."

"मग दिला का नाही?"

सिफ्रिड घोड्याच्या मानेवर हात फिरवत राहिला. उंच होता, पण जवळून पाहिलं तर कोट दोन्ही कोपरांवर ठिगळांचा. "बाई, काय हवंय ते सरळ सांगा."

"माफी. रीतीप्रमाणे. सदरा अंगात, पाय अनवाणी, हातात मेणबत्ती. दगडापाशी उभं राहून माझ्या मुलाचा हात धरायचा. आणि उतारावर दगडी क्रूस उभा करायचा, स्वतःच्या हाताने. मग तुझ्यामागे कुणी लागणार नाही."

"तुमचा मुलगा मानेल?"

"ते माझ्याकडे लागलं."

"एमरिखसाहेब म्हणतात, हात पुढे केला की तो मला ओढून दगडापलीकडे घेईल आणि तिथेच कापेल."

"शक्य आहे," युटा म्हणाली. "मी तुला खोटं सांगणार नाही."

तो हसला. त्याला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग त्याने वरच्या घराच्या खिडकीकडे नजर टाकली आणि आवाज उतरवला. "माफी मागताना सगळं बोलावं लागतं. कुणी मारलं, कुठे, कसं. क्रूस समोर असतो."

"हो."

"त्या पहाटे व्हिरिख उतारावरून एकटा येणार, हे मला कसं कळलं, असं गेरलाखने विचारलं तर मला सांगावं लागेल. बाई, मी माणसं मारलीत. पण क्रूसासमोर खोटं बोललो नाही कधी."

युटाच्या हातून दोर सुटला. बादली खाली जाऊन आपटली, आवाज बराच वेळ घुमला. व्हिरिख त्या पहाटे नदीपलीकडच्या ससाणेवाल्याकडून परतत होता. सिफ्रिडने वैर जाहीर केल्यापासून तो एकटा कधी बाहेर पडला नव्हता. त्या दिवशी पडला, कारण एमरिखने त्याला स्वतःसाठी ससाणा आणायला सांगितलं होतं. बोभाटा नको, एकटाच जा, म्हणाला होता. घरच्या माणसाने घरच्या माणसाला सांगितलेली गोष्ट.

"विचारलं तर सांगशील," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मग कुणी विचारणार नाही." ती माझ्याकडे वळली. "फादर, तुम्ही काही ऐकलंत?"

"बादलीचा आवाज ऐकला," मी म्हणालो.

तिला काय करायचं होतं ते मला तिथेच कळलं. गेरलाखला शपथेआधी हे कळलं असतं तर त्याने शपथ घेतली नसती. शपथेनंतर कळलं असतं तर त्याने अंगणातच तलवार उपसली असती. दोन्हींत घर जात होतं, आणि दोन्हींत ते आज ना उद्या एमरिखकडेच जात होतं, कारण डीटरिखला मूलबाळ नव्हतं. एकच वाट उरत होती. तिने गप्प राहायचं, आणि मुलाला ज्याच्या शेजारी आयुष्य काढायचं तो माणूस कोण आहे हे त्याला कधीच कळू द्यायचं नाही.

*

गेरलाख खालच्या गावातल्या खानावळीत उतरला होता. मी निरोप घेऊन गेलो. तो टेबलापाशी राय धान्याची भाकरी मोडत बसला होता, खात नव्हता.

"भावाला मारणाऱ्याचा हात धरू?" त्याने विचारलं. "फादर, तुम्ही धराल?"

"मला भाऊ नाही."

"मग तुम्हाला सोपं आहे."

"तुझ्या आईने सांगितलंय, चौथ्या घराच्या भिंतींकडे बघ आणि मग ठरव. खालून दिसतात, म्हणाली."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. धुक्यात काही दिसत नव्हतं. "आणखी काय म्हणाली?"

"आणखी काही नाही."

"नक्की?"

मी नक्की म्हणालो. तो माझ्याकडे इतका वेळ बघत राहिला, की मीच डोळे वळवले.

"येईन," तो म्हणाला. "पण दगडापाशी मी काय करेन, ते आत्ता विचारू नका."

*

मार्टिनच्या दिवशी सकाळपासून धुकं होतं. ठरलं होतं की दुपारचं जेवण झालं की सिफ्रिड खाली दगडापाशी येईल. एमरिखने आडकाठी केली नाही. त्याने फक्त जेवायला बोलावलं.

सणाचा हंस भाजला होता. पाहुणा यजमानाच्या पंगतीतून यजमानाआधी उठू शकत नाही. एमरिख उठेना. हंस संपला तेव्हा सॉसेजं आली, सॉसेजं संपली तेव्हा नवी वाइन, मग चीज, मग पुन्हा वाइन. युटा आणि मी अंगणात उभे होतो. खिडकीतून हसण्याचे आवाज येत होते. धुक्यामुळे सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं, पण विहिरीचा काठ मघापेक्षा काळा दिसत होता.

मी आत जाऊन आलो. सिफ्रिडच्या ताटातलं चीज तसंच होतं. एमरिख मला म्हणाला, "बसा ना फादर, सण आहे. घाई कसली?"

बाहेर येऊन मी युटाला सांगितलं. ती मधल्या घराकडे चालत गेली आणि थोड्या वेळाने दोन गड्यांनी डीटरिखला खुर्चीसकट उचलून अंगणात आणलं. म्हातारा वाटभर गड्यांना शिव्या घालत होता. वरच्या घरात त्याने खुर्ची थेट टेबलाच्या टोकाशी ठेवायला लावली. एमरिखला सरकावं लागलं.

"हंस उरलाय का?" डीटरिखने विचारलं.

"काका, आधी कळवलं असतंत तर..."

"हाडं तरी दे." त्याने एक हाड चोखलं, ताटलीत टाकलं आणि टेबलाला हात टेकून उठायला लागला. गडी धावले. "सोडा रे, उठू द्या मला. मला लघवीला लागलीय. म्हाताऱ्या माणसाला लागते." तो उभा राहिला. "बसलात काय? घरातला थोरला उभा आहे."

थोरला उठला की पंगत उठते. ही रीत मेत्साच्याही आधीची. एमरिख शेवटी उठला. सिफ्रिड तोवर दारापाशी पोचला होता आणि बूट काढत होता.

*

दगडापाशी आम्ही पोचलो तेव्हा लिंडनचं झाड नुसतं काळं दिसत होतं. पलीकडे गेरलाख उभा होता. तलवार कमरेला. मागे धुक्यात मामाची माणसं असावीत, घोड्यांचा श्वास ऐकू येत होता. दगडाच्या बाहेर कुठलाही तह नाही.

सिफ्रिड सदऱ्यावर होता, पाय चिखलात. मेणबत्ती दोनदा विझली. दुसऱ्यांदा युटाने स्वतः ती पेटवून त्याच्या हातात दिली.

"फादर," एमरिख मागून म्हणाला, "सूर्य बुडाला. तुम्ही इथे, मग घंटा कोण वाजवणार?"

"सूर्य दिवसभर कुणी पाहिला नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच म्हणतो. बुडाला असेल."

"कारभारी मी आहे," डीटरिख खुर्चीतून म्हणाला. त्याने स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला. "हातावरच्या शिरा दिसतात तोवर दिवस. आमच्या आजोबांपासून असंच मोजतात. मला दिसतायत. निळ्या आहेत. तुला बघायच्यात?"

म्हाताऱ्याने हात डोळ्यांच्या फार जवळ धरला होता, ते मी पाहिलं.

मी क्रूस वर धरला. सिफ्रिड बोलू लागला. "मी, सिफ्रिड फॉन डॉर्नाउ. व्हिरिख फॉन ब्रेमश्टाइनला मारलं. नदीच्या उतारावर. धनुष्याने."

"समोरून?" गेरलाखने विचारलं.

"बाजूने."

कुणीतरी धुक्यात शिवी दिली. गेरलाखने हात उचलून त्याला गप्प केलं. "तो एकटा होता?"

"एकटा."

युटाने माझी बाही धरली. तिची नखं कापडातून लागत होती.

"त्याच्या हातात काय होतं?"

सिफ्रिडने ओठ ओले केले. "चामड्याचा मोजा. ससाणा बसवतात तो."

"आणि ससाणा?"

"ससाणा नव्हता."

पुढचा प्रश्न आता कुणीही विचारला असता. सिफ्रिड त्याचीच वाट बघत होता. मेणबत्तीचं मेण त्याच्या बोटांवर ओघळत होतं तरी त्याने हात हलवला नाही. गेरलाखने तोंड उघडलं. मला वाटलं तो आईकडे बघेल. तो तिच्याकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून मागे, जिथे एमरिख उभा होता तिथे बघत होता. मग त्याने तोंड मिटलं.

त्याने कमरेचा पट्टा सोडला, तलवार म्यानासकट मागच्या माणसाकडे दिली आणि दगडावरून हात पुढे केला.

सिफ्रिडने तो धरला. ओढाओढी झाली नाही. गेरलाखने त्याचा हात सोडला, आपला हात मांडीवर पुसला आणि दगड ओलांडून आत आला.

"शिरा अजून दिसतात," डीटरिख ओरडला. "पण चला लवकर!"

सगळेच जवळजवळ धावत वर गेलो. गडी म्हाताऱ्याला उचलून आणत होते, तो हात डोळ्यांपुढे धरून होता. दारात गेरलाखने अडसरावर तळवा ठेवला. मी शब्द सांगितले, त्याने एकही न चुकता म्हटले. दगडांच्या आत कुठल्याही भाऊबंदावर पातं उपसणार नाही, उपसलं तर घर आणि नाव जावो.

शपथेनंतर नवा माणूस प्रत्येक घरधन्याच्या गालाचं चुंबन घेतो. डीटरिखचं घेतलं, म्हातारा त्याच्या कानात काहीतरी चावट बोलला आणि एकटाच हसला. मग एमरिख. मी क्रूस घेऊन मध्येच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"काका, उन्हाळ्यात मी ससाणेवाल्याकडे गेलो होतो," गेरलाख म्हणाला. गाल गालाला टेकलेलाच होता. "तुम्ही त्याच्याकडे ससाणा मागवलाच नव्हता. व्हिरिख रिकाम्या हाताने परत निघाला."

एमरिखच्या चेहऱ्याचा रंग गेला. पण तो हुशार माणूस होता. सावरला. "तू आत्ताच शपथ घेतलीस."

"घेतली. मोडणार नाही. दगडांच्या आत तुम्हाला माझ्यापासून काही भीती नाही." त्याने दुसऱ्या गालाला ओठ लावले. "दगडांच्या आत."

डीटरिखने हात खाली केला. "आता दिसत नाहीत," तो म्हणाला. मी जाऊन घंटा वाजवली.

*

दुसऱ्या दिवशी विहिरीवर मायलेक भेटले. दोर तिच्या हातात होता. त्याने तिच्या हातांच्या वर धरला.

"कधीपासून ठाऊक होतं तुला?" तिने विचारलं.

"जूनपासून. तुला?"

"गेल्या आठवड्यापासून."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू मला सांगितलंस?"

दोघांनी मिळून दोर ओढला. बादली वर आली.

सिफ्रिडने क्रूस हिवाळ्यातच उभा केला. ओबडधोबड झाला, एक बाजू लहान. मग तो लंगड्या घोड्यासकट निघून गेला. नव्या घोड्याबद्दल त्याने एमरिखला विचारलंच नाही.

वसंतात एमरिखने शिकारीला जायचं ठरवलं. घोडा सजला, कुत्री भुंकत होती. तो दगडांपर्यंत गेला. दगडांच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला एका ओंडक्यावर गेरलाख खोगिराच्या पट्ट्यांना तेल लावत बसला होता. त्याने मान वर करून अभिवादन केल्यासारखं डोकं हलवलं आणि पुन्हा कामाला लागला. एमरिखने घोडा वळवला. कुत्र्यांना काही कळेना, ती बराच वेळ दगडांपाशी घोटाळत राहिली.

त्यानंतर तो बाहेर पडला नाही. सुरुवातीला कारणं सांगायचा, गुडघा, हवा, सर्दी. पुढे कारणं सांगणंही थांबलं. त्याचे द्राक्षमळे कारकुनाने बघितले. मुलीचं लग्न ऱ्हाइनकाठी झालं, याने वाइनची पिंपं पाठवली. घरात रोज दिवा लागायचा, पंगत व्हायची, देवळात तो पहिल्या ओळीत गेरलाखच्या शेजारी बसायचा, कारण त्या दोन घरांची जागा तिथेच आहे. एकमेकांना ते कधी वावगं बोलले नाहीत. गेरलाखने त्याच्यासाठी दार उघडून धरलेलंही मी पाहिलं आहे.

डीटरिख गेला, युटा गेली. एमरिख अंथरुणाला खिळला तेव्हा त्या वर्षीचा कारभार गेरलाखकडे होता. एमरिखने मला बोलावून सांगितलं, "मला आत पुरा. अंगणात पुरा, कबुतरांच्या भिंतीपाशी पुरा, कुठेही. पण आत." ब्रेमश्टाइनची माणसं नदीपलीकडच्या मठात पुरली जातात, कॉनराडपासून. व्हिरिखही तिथेच आहे. मी निरोप गेरलाखला सांगितला. त्याने ऐकून घेतलं.

"रीत नाही तशी," तो म्हणाला. "आपली जागा मठात आहे. सगळ्यांची."

प्रेत दगडांपाशी आलं तेव्हा गेरलाख पलीकडे उभा होता, टोपी हातात. एमरिखचा मुलगा तिरडीच्या पुढच्या डाव्या दांड्याला होता. तो थबकला. गेरलाखने टोपी कमरेला खोचली, पुढे होऊन उजवा दांडा खांद्यावर घेतला आणि चालू लागला. मुलाला चालावंच लागलं.

उतारापाशी पाणी कमी होतं. तरी गेरलाख थांबला. त्याने तिरडी खाली ठेवायला सांगितली, अगदी त्या लहान बाजूच्या क्रूसाच्या पायथ्याशी, आणि खांदा चोळत सगळ्यांना म्हणाला, "थोडा दम घेऊ. घाई नाही आता."

आम्ही दम घेतला. मग उचलून पलीकडे नेलं.